अनुभव धागा: थेरपीच्या खोलीत देव येतो तेव्हा

मानसशास्त्रज्ञ, पुणे (धागाकर्ती):
माझ्याकडे येणारे बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत प्रारब्ध, गुरू, नामस्मरण यांच्यावर येतात. गंमत म्हणजे मी वापरते ती आरईबीटी (त्रास देणारे विचार तर्काने तपासून बदलायची उपचारपद्धत) 1955 मध्ये मांडणारे अल्बर्ट एलिस पक्के नास्तिक. पण घटना नव्हे, घटनेबद्दलचं आपलं मत छळतं, हे सूत्र त्यांनी एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाकडून उचललं. इकडे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी त्याच पद्धतीची गीता-वेदान्ताशी सांगड घालतात. माझं मत असं, की समोरच्याने श्रद्धा स्वतः आणली तर ती उपचारात जरूर घ्यावी. मी ती पुरवू नये. फी घेऊन वर आपला गुरू गळ्यात मारायचा, हा अधिकाराचा गैरवापर झाला. तुमचं काय झालं? बरं-वाईट दोन्ही लिहा. डॉक्टरांची, महाराजांची नावं मात्र नकोत.

शिक्षिका, सातारा:
माझ्या मनात देवाबद्दल घाणेरडे शब्द यायचे. आले की रामनाम, तेही ठरावीक वेळा. मध्ये अडखळलं की पहिल्यापासून. घरचे खूश, पोरगी देवभक्त झाली म्हणून. आजी शेजारणींना कौतुकाने सांगायची. इकडे वर्गात फळ्यावर लिहितानाही माझे ओठ हलत असायचे.

सायकियाट्रिस्टनी ओसीडी (नको ते विचार येत राहणं आणि ते शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करणं, असा आजार) सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, थेरपिस्टकडे पाठवलं. ती म्हणाली, विचार येऊ दे, पण त्यावर उतारा म्हणून जप करायचा नाही. मला वाटलं, ही मला देवापासून तोडणार. तिने एवढंच विचारलं, "जप करताना देव आठवतो की भीती?" मी गप्प बसले. मग देवघरासमोर उभं राहायचं, विचार येऊ द्यायचा आणि काही न करता थांबायचं, हे सुरू झालं. सुरुवातीचे आठवडे भयंकर होते. भीती चढते आणि आपण काही केलं नाही तरी उतरते, हे अंगावर घेतल्याशिवाय पटत नाही.

आईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिने गावच्या कीर्तनकार काकांना विचारलं, जप सोडला तर पोरीला पाप लागेल का? काका म्हणाले, "देव काय रजिस्टर घेऊन बसलाय? डॉक्टर सांगतात तसं करू द्या तिला." त्या दिवसापासून घरातला विरोध संपला. हल्ली संध्याकाळी हरिपाठाला बसते. ओळ चुकली तर चुकली.

मूळ नागपूर, सध्या न्यू जर्सी:
माझी इथली थेरपिस्ट म्हणाली, तुम्ही बौद्ध, म्हणजे माइंडफुलनेस (मनात येईल ते नुसतं पाहत राहायचा सराव) तुम्हाला सोपं जाईल! जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला त्याचा आठ आठवड्यांचा कोर्स, धर्म बाजूला ठेवून बेतलेला. आमच्या आजोबांनी 1956 मध्ये दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली ती डोळे मिटून बसायला नव्हे. ऑफिसातला एक मराठीच सहकारी माझं आडनाव खोदून खोदून विचारायचा, त्यावरून माझी झोप उडाली होती. असा राग नुसता 'पाहत' बसायचा? हे तिला सुनावलं. तिने ऐकलं, आणि पुढचं सेशन एचआरकडे तक्रार कशी लिहायची यावर झालं. श्वासाचा व्यायाम रात्री झोपण्यापूर्वी करतो, तेवढ्यापुरता तो उत्तम आहे.

ठाणे, नाव नको:
दारू सोडायला एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगला गेलो. मी नास्तिक, चळवळीतला. त्यांच्या बारा पायऱ्यांमधली 'आपल्याहून मोठी शक्ती' ऐकून उठणारच होतो. शेजारचे काका म्हणाले, देव नको तर ही समोरची मंडळी धर, दारूपुढे एकटा हरलासच ना? पगाराच्या दिवशी कुठल्या रस्त्याने घरी जायचं, हे मात्र समुपदेशकाने शिकवलं. ते मीटिंगमध्ये मिळालं नसतं.

नाशिक:
भावाला बायपोलर आहे, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी असा आजार. एका बाबांनी सांगितलं, गोळ्या चालू असताना साधना फळत नाही. त्याने गोळ्या सोडल्या. झोप गेली, दुकानाच्या गल्ल्यातले पैसे रस्त्यावर वाटले, शेवटी अ‍ॅडमिट करावं लागलं. त्यांनी दिलेला मंत्र तो आजही म्हणतो. त्याला आमची हरकत नाही, गोळ्या घेऊन म्हण म्हणावं.

धागाकर्ती:
नाशिककर, इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. ती माहिती कुणीही लपवू नये. मॅनिया (अति उत्साहाचा झटका) किंवा सायकोसिस (भास-भ्रम) होऊन गेलेल्याला एवढं मौन, एवढे तास डोळे मिटून बसणं महागात पडू शकतं. सातारकर, तुमच्या काकांसारखी माणसं आम्हाला हवीच असतात. पेशंटची संमती असेल तर मी त्यांच्या गुरुजींना फोन करते. बहुतेक जण समजून घेतात. एकांनी आधी माझीच पत्रिका मागितली!

कोल्हापूर:
आमच्या थेरपिस्टबाई फीच्या पावतीबरोबर सत्संगाचं पत्रक देतात. हे चालतं का?

धागाकर्ती:
नाही. पत्रक परत करा आणि का ते त्यांना स्पष्ट सांगा. तरी देत राहिल्या तर थेरपिस्ट बदला.