उत्तर: गोष्ट लिहून झाली की ऑडिओ काय, नुसती वाचायचीच

‘ऑडिओ म्हणजे छापील कथाच कोणीतरी वाचून दाखवायची, त्यात वेगळा प्रकार कसला’ हे मत मला पटलं नाही. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुक ऐकवणारं अ‍ॅप भारतात आलं, तेव्हा मीही हेच म्हणायचो. मग स्वतःच्याच एका कथेचं घरी रेकॉर्डिंग करायला बसलो. पंखा बंद, डोक्यावर गोधडी, खिडकीत पारवे घुमतायत, आणि ऐन रंगात शेजारच्या कुकरची शिट्टी!

ते निभावलं, पण खरी फजिती बायकोने ऐकल्यावर झाली. कथेत सुमन आणि सुमती अशा दोघी होत्या. कागदावर काहीच अडत नव्हतं. कानाला मात्र कोण बोलतंय तेच कळेना. पान उलटून मागे जाता येत नाही ना! शेवटी सुमतीची वत्सला केली, कंसातली वाक्यं काढली आणि ‘तो म्हणाला’ हे वाक्याच्या शेवटून सुरुवातीला आणलं. आकाशवाणीच्या श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, लिहिणाऱ्यांना हे सगळं कधीचंच ठाऊक होतं म्हणा. त्यांची पात्रं एकमेकांना सारखी नावाने हाक मारत, ते काही उगाच नाही.