मदत हवी आहे : नॅशव्हिल पद्धतीच्या तिखट चिकनचा मसाला

अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराच्या पद्धतीचे तिखट तळलेले चिकन घरी करण्यासाठी मला कोरडा मसाला तयार करून ठेवायचा आहे. त्यात मुख्यतः केयेन या झणझणीत लाल मिरचीची पूड, पाप्रिका (सौम्य, लाल रंगाची मिरचीपूड), लसणाची पूड आणि ब्राउन शुगर असते. तो गरम तेलात कालवून तळलेल्या चिकनला वरून माखतात. केयेनऐवजी गुंटूर आणि पाप्रिकाऐवजी ब्याडगी मिरची घेतल्यास (रंगाची चिंता ब्याडगी मिटवतेच) ४ चमचे गुंटूरला ब्याडगी किती घ्यावी? तसेच पूड काळवंडून कडवट होऊ नये म्हणून तेल कितपत निवू द्यावे आणि साखरेऐवजी गुळाची पावडर चालेल का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. गरम मसाला मात्र सुचवू नये. त्याने चव पार बदलते.