ग्रेडिंग झालेल्या नाण्याच्या डबीवर ग्रेडिंगची तारीख असावी का?

पाव_आणा

नमस्कार मंडळी. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या पाव आण्याची दोन नाणी मला विकत मिळू शकतात. दोन्ही नाण्याची स्थिती तपासून ग्रेड देणाऱ्या एकाच अमेरिकन कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, आहेत आणि दोन्हींच्या लेबलवर एमएस ६४ आरबी, म्हणजे चलनात न फिरलेले, लाल-तपकिरी तांबे, अशी सारखीच नोंद आहे. प्रत्यक्षात पहिल्या नाण्यावर ढालीच्या दोन्ही बाजूंच्या सिंहांभोवती आणि मागील माळेच्या पानांमध्ये टांकसाळीतली लाली अजून टिकून आहे. दुसऱ्यावर ती फक्त अक्षरांच्या कडेला उरली असून बाकीचा पृष्ठभाग गडद तपकिरी आहे.

विक्रेता म्हणतो की दुसरा स्लॅब बराच जुना आहे आणि ग्रेडिंगच्या वेळी नाणे अधिक लाल असावे. लेबलवर प्रमाणपत्र क्रमांक आहे, बारकोड आहे, पण तारीख कुठेच नाही. जे मत पैसे देऊन घेतले जाते ते कधी दिले गेले, हे लेबलवर छापायला काय हरकत आहे? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

जुनी_टांकसाळ

तारीख असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. ग्रेड म्हणजे वजन किंवा व्यास यांसारखे मोजून काढलेले माप नाही. ते ठरावीक दिवशी ठरावीक तज्ज्ञांनी नाणे पाहून दिलेले मत आहे. १ ते ७० ही श्रेणी मुळात विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या आकाराच्या एक सेंटच्या नाण्यांसाठी मांडली होती आणि पुढे ती सर्वच नाण्यांना लावली गेली. ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांपैकी पीसीजीएसची स्थापना १९८५ ची, एनजीसीची १९८७ ची. तेव्हापासून आकडे तेच राहिले, पण त्यांचा अर्थ लावण्याची पद्धत कधी कडक तर कधी सैल होत आली आहे. अमेरिकन संग्राहक पीसीजीएसच्या हिरव्या लेबलच्या जुन्या स्लॅबसाठी जादा पैसे मोजतात, कारण त्या काळचे ग्रेडिंग अधिक कडक होते असा त्यांचा अनुभव आहे. म्हणजे तारखेला बाजारात किंमत आहेच. फक्त ती लेबलच्या रंगावरून आणि प्लॅस्टिकच्या ठेवणीवरून ओळखावी लागते, आणि नवखा ग्राहक नेमका तिथेच अडतो.

शिवाय स्लॅबच्या पिढीवरून बांधलेला अंदाज फसवा असतो. चरे पडलेला जुना स्लॅब मालक नव्या स्लॅबसाठी पाठवतो, नाणे त्याच ग्रेडवर नव्या प्लॅस्टिकमध्ये येते आणि कित्येक वर्षांपूर्वीचे मत कालचे वाटू लागते. म्हणून छापायची ती ग्रेड दिल्याची तारीख, डबी बदलल्याची नव्हे.

तांब्याच्या बाबतीत तर ही माहिती अत्यावश्यक आहे. स्लॅब हवाबंद नसतो. दमट हवेत आतल्या तांब्याचा रंग उतरतच राहतो, आणि रंगातील असा बदल कंपन्यांच्या हमीत धरला जात नाही. पंचवीस वर्षे स्लॅबमध्ये राहूनही ज्याची लाली टिकली ते नाणे आणि मागच्या वर्षी स्लॅबमध्ये गेलेले नाणे यांत मी पहिल्यावर अधिक विश्वास ठेवीन. तो निवाडा करण्याचे साधनच तारखेअभावी आपल्या हाती राहत नाही.

रुपेरी

वरील बरेच मुद्दे मान्य आहेत, पण आधी एक गोष्ट तपासून पाहा. आरबी हा फार रुंद पट्टा आहे. मूळ लाली ५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असली तरी साधारणपणे आरबी हीच नोंद होते. तुमची दोन्ही नाणी ग्रेडिंगच्या दिवशीही आज दिसतात तशीच असू शकतील. विक्रेत्याने सांगितलेले कारण तारखेशिवाय सिद्ध होत नाही, हे खरे. पण तारीख मिळाली तरी तेवढ्याने ते सिद्ध होणार नाही. त्यासाठी ग्रेडिंगच्या वेळचे छायाचित्र हवे.

लेबलवर तारीख छापण्याला माझा विरोध आहे तो तिच्या परिणामांमुळे. एखादे वर्ष ‘सैल’ म्हणून बदनाम झाले की त्या वर्षीची उत्तम नाणीसुद्धा पडेल भावात जातील. मग मालक स्लॅब फोडून नाणी पुन्हा पाठवतील, जुने लेबल परत न केल्यास कोणत्या ग्रेडची किती नाणी आहेत या कंपनीच्या आकडेवारीत तेच नाणे दोनदा मोजले जाईल, आणि आधीच फुगलेले ते आकडे आणखी निरुपयोगी होतील. प्रमाणपत्र क्रमांक टाकल्यावर संकेतस्थळावर जी नोंद दिसते, तिच्यात छायाचित्राबरोबर तारीख द्यावी. ज्याला गरज आहे तो पाहील.

शिक्का_संग्रह

कंपन्यांना तारखांचे वावडे आहे असे मुळीच नाही. नवे नाणे बाजारात आल्यापासून साधारण ३० दिवसांत ग्रेडिंगसाठी पोहोचले, तर पीसीजीएस ‘फर्स्ट स्ट्राइक’ आणि एनजीसी ‘अर्ली रिलीजेस’ असे लेबल लावते, आणि लोक त्यासाठी जादा पैसेही देतात. एनॅक्स या जुन्या अमेरिकन ग्रेडिंग सेवेने १९७९ मध्ये ग्रेडिंग सुरू केले तेव्हाच्या छायाचित्र-प्रमाणपत्रांवर तारीख असे. तेव्हा लेबलवर जागा नाही, अशी सबब कोणी दिली तरी ती पटण्यासारखी नाही.

पाव_आणा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आरबीच्या रुंद पट्ट्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. विक्रेत्याचे म्हणणे मी आता गृहीत धरणार नाही.

तरीही भारतातील संग्राहकाची अडचण निराळी आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकन संग्राहकाला जुन्या ग्रेडबद्दल शंका आली तर तो नाणे पुन्हा पाठवतो, किंवा दिलेला ग्रेड पडताळणाऱ्या सीएसी या अमेरिकन कंपनीकडून त्यावर दुसरे मत घेतो. सीएसी अमेरिकन नाणीच पाहते. परदेशात ग्रेड होऊन इथे आलेला १८३५ चा पाव आणा किंवा १८६२ चा रुपया मात्र त्या एकाच मतावर कायमचा अवलंबून राहतो. ते मत १९९५ चे की २०२० चे, एवढे तरी आम्हाला समजले पाहिजे. नोंद लेबलवर असो वा संकेतस्थळावर, माझा आग्रह तेवढाच आहे.

जुनी_टांकसाळ

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि रुपेरी यांनी सुचवलेला मार्ग मलाही मान्य आहे, मात्र जुन्या क्रमांकांच्या तारखाही त्यात यायला हव्यात. तोपर्यंत व्यवहारापुरते सांगतो: दोन्ही प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून छायाचित्र आहे का ते पाहा आणि जुन्या लिलावांच्या नोंदींमध्ये तेच क्रमांक शोधा. लिलावाच्या नोंदीला तारीख असते. त्यामुळे निदान त्या दिवसाच्या आधी ग्रेडिंग झाले होते, एवढे निश्चित होते, आणि तेव्हाच्या छायाचित्रावरून लाली किती उतरली तेही ताडून पाहता येते. दोन्हींपैकी काहीच सापडले नाही, तर दुसऱ्या नाण्याला आज दिसणाऱ्या तपकिरी रंगाचाच भाव द्या.