मदत हवी आहे: स्लाय अँड द फॅमिली स्टोनच्या १९७१ च्या अल्बमवर बास कुणाचा?

मित्रमंडळींसाठी फंकच्या (ठेक्यावर भर देणाऱ्या अमेरिकन संगीताच्या) श्रवणसत्राची तयारी करतोय. सगळा भर या बँडचा बास गिटारवादक लॅरी ग्रॅहमच्या बासवर आहे. आईबरोबर ड्रमरविना वाजवताना तो अंगठ्याने तार ठोकून बेस ड्रमची आणि बोटाने तार खेचून स्नेअरची (तीक्ष्ण आवाजाच्या ड्रमची) जागा भरायचा. तिथूनच इलेक्ट्रिक बासवरची ही ठोकून-खेचून वाजवायची 'स्लॅप' शैली आली आणि पुढे फंकची भाषाच बदलली.

१९६९ पर्यंतचं चित्र स्पष्ट आहे. 'स्टँड!' अल्बम, वुडस्टॉक संगीत महोत्सव, वर्षअखेरचं 'थँक यू' हे गाणं... सगळीकडे त्याचा ठोका लगेच कळतो. घोडं अडतंय ते १९७१ च्या 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' अल्बमपाशी. तिथे बँडचा प्रमुख स्लाय स्टोनने बरीच वाद्यं स्वतःच वाजवून एकावर एक चढवली, काही ठिकाणी ड्रमच्या जागी रिदम मशीन आणलं. पुन्हापुन्हा ओव्हरडब (आधीच्या रेकॉर्डिंगवर नवं रेकॉर्डिंग) झाल्याने आवाजही धूसर आहे.

हेडफोन लावून, वेग कमी करून ऐकलं. 'थँक यू' आणि त्याचंच संथ रूप असलेलं या अल्बममधलं शेवटचं गाणं लागोपाठ लावून पाहिलं. अल्बमवरची श्रेयनामावली गाण्यागणिक फोड करत नाही. केवळ 'ऐकून वाटतं' एवढ्यावर लोकांना काही सांगायची माझी तयारी नाही. नंतरचा 'फ्रेश' अल्बम किंवा ग्रॅहमचा स्वतःचा बँड या सत्रात नाही.

'रायट'मधल्या कोणत्या गाण्यांत बास नक्की ग्रॅहमचा आहे आणि कोणत्या गाण्यांत स्लायचा? आणि हे वादकांच्या किंवा रेकॉर्डिंग इंजिनिअरच्या कोणत्या मुलाखतीत सापडेल?