कयाकवर ल्युअर, डबे, पक्कड कुठे ठेवावं? वळावं लागू नये आणि पाण्यातही जाऊ नये

ओहोटीची_वेळ
कयाक (वल्ह्यानं चालवायची लहान अरुंद होडी) ३.२ मीटरची, सिट-ऑन-टॉप, म्हणजे वरच्या उघड्या भागावर बसायची. सीटमागे क्रेट, त्यात चार डबे. दोन रॉड क्रेटला उभे, तिसरा हातात. मासेमारी खाऱ्या पाण्यात, बहुतेक ल्युअरवर (गळ लावलेलं कृत्रिम आमिष).
अडचणी तीन. ल्युअर बदलायला दरवेळी मागे वळावं लागतं आणि कयाक कलते. वापरलेली ल्युअर डब्यात परत ठेवली की आठवडाभरात शेजारच्या गळांनाही गंज धरतो. आणि पक्कड, कात्री, डबा यातलं काही ना काही पाण्यात जातं. सगळं बांधून ठेवावं तर दोऱ्यांचाच गुंता होतो. नेमकं काय कुठे ठेवायचं?

वल्ह्याची_मूठ
चार डबे न्यायचेच नाहीत, सुरुवात तिथून करा. २८ × १८ सेंमीच्या आसपासचे दोन पातळ डबे पुष्कळ झाले. त्यात ल्युअर प्रकारानुसार नाही, खोलीनुसार लावा: एकात पृष्ठभागावर आणि उथळ चालणाऱ्या, दुसऱ्यात खोल जाणाऱ्या आणि जिग (वजनदार डोक्याचे गळ). म्हणजे एका जागी मासेमारी करताना एकच डबा उघडावा लागतो.

त्या वेळी लागणारा डबा सीटखाली किंवा दोन पायांच्या मधे, आडवा. दुसरा क्रेटमध्ये उभा, लेबल वर. शिसं (गळ बुडवायची वजनं) क्रेटमध्ये ठेवू नका. अर्धा किलो शिसं उंच क्रेटमध्ये असलं की कयाक जास्त डुलते आणि मागचं टोक बसतं. ते सीटजवळ, तळाला लागून, झाकणाच्या छोट्या डबीत हवं.

कंबरेतून मागे वळून क्रेटमध्ये हात घालणं टाळाच. वजन एका बाजूला जातं, नजर पाण्यावर नसते, आणि तेवढ्यात बाजूनं लाट आली तर सावरायला वल्हं हातात नसतं. पाणी शांत असेल आणि कयाक रुंद असेल तर दोन्ही पाय एकाच बाजूला पाण्यात सोडून आडवं बसा, मग क्रेट शेजारी येतो. लाटा असतील तर क्रेटला हातच लावू नका, पुढे आहे त्यावर भागवा.

ल्युअर बदलणं कमी झालं की डबा उघडणंही कमी होतं. ४५ ते ६० सेंमीचे पाच-सहा लीडर (तंगुसाच्या टोकाला जोडायचे तुकडे) स्नॅप, म्हणजे ल्युअर अडकवायची छोटी कडी, बांधून फोमच्या चकतीवर गुंडाळून न्या. लीडर तुटला तर पाण्यावर गाठी मारत बसावं लागत नाही. त्या दिवशीच्या चार ल्युअर फोम नूडलच्या (पोहताना वापरतात ती फोमची लांब नळी) तुकड्याला चीर पाडून त्यात अडकवा आणि तो तुकडा समोर बंजीखाली (कयाकवरची ताणली जाणारी रबरी दोरी) ठेवा. दिवसाचं बरंचसं काम तेवढ्यावर होतं.

बांधण्याबद्दल: पक्कड, कात्री, डबा, वल्हं, रॉड, सगळ्याला लीश (वस्तू कयाकला बांधून ठेवणारी दोरी) हवीच.

खोल_पाणी
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. सहा-सात लीश लावलेली कयाक उलटली की खाली दोऱ्यांचं जाळं तयार होतं आणि त्याच जाळ्यात ल्युअरचे तिहेरी गळ असतात. माणूस बाहेर येतो तो त्यातूनच. त्यामुळे आधी तरंगवा, तरंगवता येणार नाही तेच बांधा.

फोम नूडल साधारण साडेसहा सेंमी जाड असतं. त्याचा २० सेंमी तुकडा अंदाजे अर्धा किलो वजन पाण्यात तोलून धरतो. २०० ग्रॅमच्या पक्कडीला ७-८ सेंमी तुकडा पुरतो. बांधून घरी बादलीत सोडून पाहा, तरंगली की झालं. डब्याचं झाकण घट्ट बसत असेल आणि आत शिसं नसेल तर तो आपणच तरंगतो. मात्र दांडीला भोक पाडून दोरी घालताना भोक डब्याच्या आतल्या बाजूला जाऊ देऊ नका, पाणी शिरतं.

राहिलं वल्हं आणि रॉड. वल्ह्याला लीश ठेवा, वल्हं गेलं तर परतणं अवघड. रॉडची लीश रीलच्या पायाजवळ बांधा, रीलच्या मुठीच्या विरुद्ध बाजूनं, नाहीतर मासा ओढताना मूठ दोरीत अडकते. ताणल्यावर मीटर-सव्वा मीटर लांबी पुरे. गुंडाळी होणारी लीश असेल तर मोकळ्या अवस्थेत ती आखूड राहते आणि पायात येत नाही. साधी दोरी वापरायची तर पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ती तरंगते. नायलॉन बुडतं आणि पायाखाली वेटोळी होऊन पडतं.

एका वेळी एकच लीश मोकळी ताणलेली असावी: हातातल्या रॉडची. बाकीच्या होल्डरपाशीच आखडलेल्या. आणि दोरी कापायची सुरी लाइफ जॅकेटवर, कुठल्याही हातानं निघेल अशी. ती नसेल तर एकही लीश लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गंजमुक्त
गंजाबद्दल. खारं पाणी ल्युअरच्या कड्यांत आणि गळाच्या वाकात थेंबाथेंबानं राहतं. बंद डब्यात ते बाहेर जाऊ शकत नाही, त्याची ओल सगळ्या कप्प्यांत पसरते. म्हणून वापरलेली ल्युअर मूळ डब्यात परत जाऊ नये. भोकं असलेली वेगळी डबी ठेवा, पाण्यात गेलेलं सगळं तिच्यात. घरी तीच डबी गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, झटका, सावलीत रात्रभर उघडी ठेवा. सुकल्यावरच जागेवर.

डब्यात सिलिका जेलचे ५-१० ग्रॅम मणी. नारिंगी रंगाचे घ्या, ओल भरली की हिरवे होतात. पुडीतून काढून धातूच्या ताटलीत ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. पण ओली ल्युअर आत टाकून जेलवर विसंबू नका, एवढं पाणी त्याला पेलत नाही.

मऊ प्लास्टिकची आमिषं त्यांच्याच पाकिटात राहू द्या. रंग एकमेकांना लागतात, आणि काही कठीण प्लास्टिकचे डबे त्यानं चक्क विरघळतात. खूप ताणल्या जाणाऱ्या जातीची आमिषं साध्या मऊ आमिषांबरोबर ठेवली तर दोन्हींचा चिकट गोळा होतो.

ओहोटीची_वेळ
सगळ्यांचे आभार. आणखी दोन गोष्टी. ल्युअर फेकताना मागच्या उभ्या रॉडमध्ये लाइन (तंगूस) अडकते. आणि तिहेरी गळ जाळ्यात, जॅकेटमध्ये, दोरीत, सगळीकडे रुततात.

वल्ह्याची_मूठ
लीशबद्दल वरचं म्हणणं पटलं. सुरी आधी, बांधणं नंतर.

रॉडचं असं. क्रेटचे होल्डर सरळ उभे असतील तर ते मागे आणि बाहेर झुकवा. फेक कायम एकाच बाजूनं, आणि त्या बाजूचा होल्डर रिकामा. तीनऐवजी दोन रॉड नेले तर हा प्रश्न जवळजवळ संपतो. न वापरत्या रॉडची ल्युअर रॉडवरच्या अडकवणीत लावून लाइन ताठ गुंडाळून घ्या. सैल राहिली तर वाऱ्यानं टोकाभोवती वेढा पडतो, आणि तसाच जोरात ओढला तर टोक मोडतं. फुटणाऱ्या लाटांतून किनारा सोडताना किंवा गाठताना रॉड होल्डरमध्ये नको, कयाकच्या पोटात किंवा तळाला आडवे बांधून.

गळांसाठी: पक्कडीनं गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका. कापडात गळ खुपसून बघा, न अडकता सुटला तर बरोबर दाबलाय. मासा लागल्यावर लाइन सैल सोडली नाही तर तो सहसा निसटत नाही. मागचा तिहेरी गळ काढून एकेरी लावता येतो, पण त्याचं वजन जुन्याइतकंच हवं, नाहीतर ल्युअरची चाल बिघडते. हातजाळं रबराचा थर असलेलं घ्या, दोऱ्याच्या जाळ्यात गळ रुतला की सोडवायला वेळ जातो.

खोल_पाणी
जॅकेटच्या खिशांत फार भरू नका. पाण्यातून परत चढताना पोटावर सरकत यावं लागतं आणि छातीवरचा फुगीर खिसा काठाला अडतो. खिशात गळ तर अजिबात नको. गळ कापू शकेल अशी मजबूत कातरी-पक्कड मात्र जवळ हवी. गळ हातात रुतला तर निदान ल्युअर तरी सुटी करता येते, तीन गळ आणि तडफडणारा मासा एकत्र सांभाळावा लागत नाही.

सगळी मांडणी झाली की कंबरभर शांत पाण्यात, सोबत कुणीतरी असताना, एकही गळ न लावता कयाक मुद्दाम उलटवा. काय सुटलं, काय लोंबतंय, कुठली दोरी पायात आली ते लगेच दिसतं. जी दोरी पायात आली ती आखूड करा किंवा काढून टाका, आणि पुन्हा एकदा उलटवून पाहा.