शॉर्ट स्क्वीझमध्ये ब्रोकर खरेदी का थांबवतात? रत्नागिरीतील आमच्या सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-१०४ : नमस्कार. माझ्या ब्रोकरने काल एका शेअरमधील इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन-विकून मिटवायचे, व्यवहार अचानक बंद केले. २०२१ मध्ये अमेरिकेत गेमस्टॉप या कंपनीचा शेअर उसळला, तेव्हा रॉबिनहूड या ब्रोकरनेही त्याची खरेदी अशीच थांबवली होती. भाव पडेल असा डाव लावणाऱ्या मोठ्या फंडांना वाचवण्यासाठी आपल्यासारख्यांना बाहेर ठेवतात, असे माझे स्पष्ट मत आहे. काकांनी यावर लिहावे, ही विनंती.

सी-३०१ : ताई, राग रास्त आहे, पण कारण वेगळे आहे. हातात नसलेल्या आंब्याच्या पेट्या ज्याने ठरलेल्या दराने विकून ठेवल्या, त्याला अवकाळी पावसात पीक गेल्यावर मिळेल त्या भावाने पेट्या घेऊन द्याव्या लागतात, आणि त्याच्या खरेदीनेच भाव आणखी चढतो. शॉर्ट स्क्वीझ म्हणजे हेच. गेमस्टॉपमध्ये शॉर्ट केलेले, म्हणजे उसने घेऊन विकलेले, शेअर बाजारात खुल्या असलेल्या शेअरच्या १०० टक्क्यांहून अधिक होते. तेव्हा अमेरिकेत सौदा पूर्ण व्हायला दोन दिवस लागत, आणि त्या दोन दिवसांत ग्राहक बुडाला तर भरपाई ब्रोकरने करावी, म्हणून सौदे पूर्ण करून देणारी क्लिअरिंग संस्था ब्रोकरकडून त्याच्या स्वतःच्या पैशातून अनामत घेते. २८ जानेवारी २०२१ च्या पहाटे रॉबिनहूडकडे सुमारे ३०० कोटी डॉलर जादा मागितले गेले, तर तिथे आधीची जमा सुमारे ७० कोटींचीच होती. मागणी पुढे बरीच कमी झाली, तरी नवी खरेदी म्हणजे नवी अनामत, हे गणित सुटत नव्हते.

ए-२०२ : मग काका, विक्री का चालू ठेवली? फक्त खरेदी थांबली, तर भाव पडणारच. त्या दिवशी ४८३ डॉलरपर्यंत गेलेला शेअर १९३ वर बंद झाला.

सी-३०१ : विक्रीने ब्रोकरची अजून पूर्ण न झालेली खरेदी घटते आणि अनामत हलकी होते, शिवाय ग्राहकाला स्वतःचे शेअर विकू न देणे हा त्याहून मोठा अन्याय ठरला असता. मात्र सुरुवातीला ग्राहकांना केवळ ‘बाजारातील अस्थिरता’ एवढेच कारण सांगितले गेले, ते मला आजही पटत नाही. अनामतीची अडचण त्याच सकाळी उघडपणे सांगितली असती, तर संशय इतका वाढला नसता.

बी-१०४ : पण आपल्याकडे तर सौदा दुसऱ्याच दिवशी पूर्ण होतो.

सी-३०१ : हो, जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरना तो नियम लागू आहे, आणि ग्राहकाचे मार्जिन, म्हणजे व्यवहारासाठीची अनामत, हीही आधीच घेतली जाते. आपल्याकडची भीती अप्पर सर्किटची, म्हणजे दिवसभरात भाव वर जाण्याच्या कमाल मर्यादेची, असते : इंट्राडेत शॉर्ट करणाऱ्याला सर्किट लागल्यावर विकणाराच मिळत नाही, डिलिव्हरी, म्हणजे शेअर प्रत्यक्ष देणे, चुकते, शेअर लिलावातून घ्यावे लागतात आणि तोटा मार्जिनपलीकडे गेला तर तो आधी ब्रोकरच्या अंगावर येतो. ब्रोकरने तुम्हाला पाठवलेल्या संदेशात डिलिव्हरीची, म्हणजे शेअर स्वतःकडे ठेवण्यासाठीची, खरेदीही बंद आहे का, ते पाहून सांगा.

बी-१०४ : आत्ता पाहिले. पूर्ण रक्कम भरून डिलिव्हरीत घेता येईल, असे लिहिले आहे.