आइस टी गढूळ आणि कडू होतो : खारपाणपट्ट्यातील पाण्यात तो नितळ कसा करावा?

पांढरी_माती (दर्यापूर तालुका)

नमस्कार. आमचे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, येते. पुण्यात शिकणारी मुलगी उन्हाळ्याच्या सुटीत घरी आली की तिला दुपारी आइस टी हवा असतो. बाजारातील तयार पुडी आणून पाहिली, परंतु त्यात चहापेक्षा साखरच अधिक होती आणि लिंबाची म्हणून जी चव होती ती लिंबाची नव्हतीच. म्हणून घरीच करण्याचे ठरवले.

पहिल्या खेपेस नेहमीची दाणेदार चहापत्ती गंजात (पातेल्यात) दहा मिनिटे उकळली, गाळली आणि गरम असतानाच फ्रिजमध्ये ठेवली. तासाभराने पाहते तो पहिल्या पावसात नाल्याला येते तसे पाणी झालेले, वर तेलकट दिसणारी पातळ साय आलेली, आणि चव अशी तुरट की जीभ आखडावी. साखर घातली ती पेल्याच्या तळाशी तशीच बसून राहिली. दुसऱ्या खेपेस पत्ती निम्मी केली, तर बर्फ विरघळल्यावर नुसते पिवळे पाणी उरले.

नळाचे पाणी आम्हाला रोज येत नाही, त्यामुळे ते पिण्यापुरते राखून ठेवतो आणि चहाला बोअरचे वापरतो. दुपारी वीजही बेभरवशाची असते. या अडचणींतून मार्ग निघेल का, आणि लिंबू, संत्रा, कैरी, पुदिना अशा आपल्याकडील जिनसांनी स्वाद कसा आणावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_विज्ञानशिक्षक (अचलपूर)

ताई, आपल्या हातून झालेली चूक एक नसून तीन आहेत, आणि तिन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. चहात जे तुरट घटक असतात ते आणि कॅफिन गरम पाण्यात सुखाने विरघळलेले असतात. पाणी थंड होऊ लागले की ते एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे न विरघळणारे बारीक कण तयार होतात. आपल्याला दिसलेला गढूळपणा तो हाच. चहा जितका कडक तितका तो अधिक, आणि गरम गंज एकदम फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी अधिक. दाणेदार, म्हणजे सीटीसी पत्ती ही दुधाच्या चहासाठीच घडवलेली असते. तिचे कण बारीक असल्यामुळे ती दोन-तीन मिनिटांत सगळे देऊन टाकते. दहा मिनिटे उकळल्यावर कडूपणाशिवाय दुसरे काही निघण्यासारखे उरत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. बोअरच्या जड पाण्यातील चुना चहातील घटकांशी जुळतो आणि वरची ती साय धरते. पाणी आधी दहा मिनिटे खळखळून उकळले, रात्रभर झाकून ठेवले आणि वरचे नितळ तेवढे हलक्या हाताने ओतून घेतले तर चुन्याचा बराचसा भाग तळाशी बसतो. गंजाला आतून पांढरा थर धरतो तो त्याचाच. पण उकळण्याने खारटपणा जात नाही, हे ध्यानात ठेवावे. खारपाणपट्ट्यात एवढ्या एका कामासाठी नळाचे किंवा आरओचे लिटरभर पाणी बाजूला काढावे, हेच मला व्यवहार्य वाटते. लोखंडी भांडे टाळावे, कारण लोखंड आणि चहाचा तुरटपणा एकत्र आले की शाईसारखा काळा रंग येतो.

माझी स्वतःची पद्धत थंड पाण्याची आहे. उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम पत्ती स्वच्छ पातळ फडक्यात सैल बांधून सोडावी आणि भांडे झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. अख्ख्या पानाची पत्ती असेल तर सात-आठ तास, दाणेदार असेल तर तीन-चार तास पुरतात. रात्री भांडे ठेवले की दुपारच्या विजेचा प्रश्न येत नाही. थंड पाणी तुरटपणा आणि कॅफिन कमी ओढते, म्हणून असा चहा नितळ राहतो आणि त्याला साखरही कमी लागते. पुरचुंडी काढताना पिळू नये. पिळली की राहिलेला कडूपणा त्यात उतरतोच.

घाईच असेल तर अर्धा लिटर उकळते पाणी गॅसवरून उतरवून त्यात तेवढीच दहा ग्रॅम पत्ती तीन मिनिटे झाकून ठेवावी, गाळून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, आणि मग अर्धा किलो बर्फावर ओतावी. बर्फाचे पाणी हिशेबात धरले की चहा फिका पडत नाही. तरीही गढूळ झालाच, तर थोडे उकळते पाणी घालून ढवळावे, बहुधा निवळतो. साखरेचे म्हणाल, तर समान मापाची साखर आणि पाणी उकळून पाक करून ठेवावा. थंड पेल्यात दाणेदार साखर ढवळत बसणे म्हणजे हाताला व्यायाम.

बागायतदार (वरुड)

सरांनी पाण्याचे सांगितले, मी संत्र्याचे सांगतो. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीस फुलणारा, संत्रा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत हाती असतो. मे महिन्यात चांगले फळ मिळणे कठीण, तेव्हा बेत लवकर करावा. आपल्या नागपुरी संत्र्याचा एक स्वभाव बाहेरच्यांना ठाऊक नसतो : रस काढताक्षणी गोड लागतो, पण ठेवला की हळूहळू कडू होत जातो. बिया चिरडल्या गेल्या तर कडूपणा अधिकच येतो. म्हणून मिक्सर नको. फोडी सोलून, बिया काढून, हाताने पिळावे, आणि रस चहाच्या भांड्यात न मिसळता प्रत्येकाच्या पेल्यात पिताना घालावा. तीन भाग चहा आणि एक भाग रस हे प्रमाण आमच्या घरी बसले आहे.

मे महिन्यासाठी साल कामी येते. आतील पांढरा भाग सुरीने खरवडून साल सावलीत कडकडीत वाळवावी. पाक उकळताना दोन तुकडे टाकून नंतर काढून घेतले की पुरे; अधिक टाकल्यास औषधासारखा वास येतो. आमच्या आईने पहिल्या वर्षी मूठभर टाकली होती, तो पाक शेवटी कुणीच प्यायले नाही.

धुऱ्यावरची_अंबाडी (आर्वी)

पत्तीशिवाय चालत असेल तर अंबाडी करून पाहावी. आमच्याकडे कपाशीच्या धुऱ्यावर (बांधावर) अंबाडी असते. भाजी सगळेच करतात, पण तिची लाल बोंडे बहुतेक जण वाया घालवतात. दिवाळीनंतर बोंडाभोवतीचे लाल, मांसल आवरण सोडवून सावलीत वाळवले तर वर्षभर टिकते. इजिप्त आणि सुदानमध्ये करकदे म्हणून जे लाल पेय पितात, ते याच जातीच्या आवरणाचे असते. पंधरा ग्रॅम वाळलेली अंबाडी एक लिटर उकळत्या पाण्यात, गॅस बंद करून, दहा मिनिटे झाकून ठेवायची आणि गाळायची. ती मुळातच आंबट असल्यामुळे लिंबू लागत नाही. त्यात कॅफिन नसते, म्हणून लहान मुलांनाही देता येते.

खारपाणपट्ट्यातील बहिणीकडे हाच प्रयोग केला तेव्हा मात्र फजिती झाली होती. तिच्या बोअरच्या पाण्यात तो सुरेख लाल रंग न येता मळकट जांभळा आला, आणि मुले पेल्याला हात लावेनात. मग अर्धे लिंबू पिळले आणि डोळ्यांदेखत रंग फिरून लाल झाला. ते पाहायला शेजारची मुलेही गोळा झाली. अंबाडीचा रंग आंबट पाण्यात लाल राहतो आणि अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या, पाण्यात निळसर होतो, एवढेच त्यामागचे कारण आहे.

पुदिना उकळू नये, हातावर चोळून थंड चहात टाकावा. गवती चहा मात्र पाच मिनिटे उकळल्याशिवाय वास सोडत नाही. कैरीचे पन्हे चहात मिसळल्यास त्याचा गर चहा पुन्हा गढूळ करतो. त्यापेक्षा कच्च्या कैरीच्या पातळ चकत्या चहाच्या भांड्यात दोन तास ठेवाव्यात.

कोळसाखाण (चंद्रपूर)

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. काचेच्या बरणीत पाणी आणि पत्ती घालून गच्चीवर ठेवली की दोन-तीन तासांत चहा तयार होतो, गॅसही लागत नाही.

आरोग्यसेविका (दारव्हा तालुका)

दादा, ही पद्धत कृपया कुणी अवलंबू नये. उन्हातील बरणीचे पाणी कोमट होते, परंतु जंतू मरतील एवढे तापत नाही. पत्तीवरील आणि बरणीतील जंतूंना वाढण्यासाठी तीच ऊब सोयीची असते. चहा घट्टसर किंवा तार धरल्यासारखा दिसला तर चव न पाहता फेकून द्यावा. फ्रिजमधील चहासुद्धा त्याच दिवशी संपवावा, आणि वीज बराच वेळ गेली असेल तर पुन्हा ठेवून देऊ नये. बर्फही घरी, पिण्याच्या पाण्याचाच करावा. लादीचा बर्फ पुष्कळदा माल थंड ठेवण्यासाठी केलेला असतो आणि तो पेल्यात घालण्याजोगा नसतो.

आणखी एक सांगते, कारण आमच्या गावांत पंडुरोगाच्या, म्हणजे अंगात रक्त कमी असलेल्या, बायका पुष्कळ आहेत. चहा गरम असो वा थंड, तो जेवणातील लोह पुरेसे अंगी लागू देत नाही. जेवण आणि लोहाची गोळी यांपासून तासभर तरी अंतर ठेवावे. शेतातून ऊन लागून आलेल्या माणसाला मात्र आइस टी नव्हे, मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेले पन्हे द्यावे.

पांढरी_माती (दर्यापूर तालुका)

सर्वांचे आभार. आठ दिवसांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय काही लिहायचे नव्हते. नळाच्या पाण्यात, फडक्यात बांधलेली दाणेदार पत्ती रात्री नऊला फ्रिजमध्ये ठेवली आणि मध्यरात्री पाणी प्यायला उठले तेव्हा काढून घेतली. सकाळी काचेच्या पेल्यात ओतली तर पेल्यापलीकडे ठेवलेल्या दिनदर्शिकेवरची तारीख वाचता आली. लिंबू पिळल्यावर रंग फिका झाला म्हणून मी घाबरले होते, पण चव तशीच होती. हेही आंबटामुळेच होत असावे, सरांनी खुलासा करावा. बोअरचे पाणी उकळून, निवळून केलेला चहा त्यामानाने मंद दिसला आणि थोडा खारट लागला, तरी साय धरली नाही.

मामाजींनी एक पेला संपवला आणि “चहा गरम करायला विसरलात काय?” असे विचारून दुसरा मागितला. मुलीला मात्र आता अंबाडीचाच हवा आहे. आमच्याकडे हिरव्या बोंडांची अंबाडी आहे, तिला हा रंग येणार नाही. आर्वीच्या ताईंनी लाल बोंडांच्या अंबाडीचे मूठभर बी मृगापूर्वी एसटीने पाठवण्याची काही सोय होईल का, ते कळवावे. आमच्या तुरीच्या धुऱ्यावर जागा आहे.